उसन्या प्रथिनांवर चालणारा विषाणू

हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूच्या डीएनएची लांबी सुमारे १,५२,००० अक्षरे, आणि त्यातून तयार होणारी प्रथिने ऐंशीच्या आसपास. ज्या मानवी पेशीत तो शिरतो तिच्याजवळ प्रथिनांची कृती सांगणारी जवळपास वीस हजार जनुके असतात. विषाणूजवळ प्रथिने घडवणारा रायबोसोम नाही, ऊर्जा तयार करण्याची सोय नाही, पेशीच्या आत पुढे सरकण्यासाठी स्वतःचे काही साधन नाही. तरीही जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात हर्पीस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार मुक्कामाला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्याशा भांडवलावर एवढा पसारा कसा उभा राहतो? विषाणूची प्रथिने तपासून याचे उत्तर अर्धेच मिळते. उरलेले अर्धे माणसाच्या प्रथिनांत आहे.

हर्पीस कुळातले नऊ विषाणू माणसात आढळतात. ओठावर किंवा जननेंद्रियांवर फोड आणणारे सिम्प्लेक्सचे दोन प्रकार. लहानपणी कांजिण्या आणि उतारवयात नागीण देणारा व्हॅरिसेला-झोस्टर. बहुतेक प्रौढांच्या रक्तपेशींत गुपचूप राहणारा एपस्टाइन-बार. गर्भातल्या बाळाची श्रवणशक्ती हिरावू शकणारा सायटोमेगॅलो. बाळांना ताप आणि पुरळ देणारे ६बी आणि ७, शिवाय ६ए. आणि १९९४ साली युआन चँग व पॅट्रिक मूर यांनी शोधलेला, कापोसी सार्कोमा या कर्करोगामागचा आठव्या क्रमांकाचा. लक्षणांत यांचे फारसे साम्य नाही. कार्यपद्धती मात्र एकच: पेशीत जे प्रथिन आधीच काम करते आहे ते हुडकायचे, त्याच्याशी संधान बांधायचे आणि आपले काम त्याच्याकडून करून घ्यायचे.

शालेय पुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत संसर्गाचे वर्णन लढाईच्या भाषेत होते. विषाणू हल्ला चढवतो, पेशी किल्ला लढवते, औषध शत्रूचा नायनाट करते. गोवर किंवा इन्फ्लुएन्झाला ही भाषा एक वेळ शोभेल. हर्पीसच्या बाबतीत ती दिशाभूल करते, कारण इथे नायनाट कुणाचाच होत नाही आणि दोन्ही बाजूंची माणसे ओळखून काढणेही अवघड जाते. पेशीच्या दारापासून केंद्रकापर्यंत विषाणूचा प्रवास पाहिला की हे ध्यानात येते.

पेशीच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या असतात. सिम्प्लेक्स विषाणूच्या आवरणावरची जीबी आणि जीसी ही प्रथिने आधी त्यांना चिकटतात. ही पकड सैल असते. तिच्या आधाराने विषाणू पृष्ठभागावर सरकत राहतो. मग जीडी हे प्रथिन नेक्टिन-१ किंवा एचव्हीईएम या मानवी प्रथिनांपैकी एकाला धरते. एचव्हीईएमची ही भूमिका शिकागोच्या पॅट्रिशिया स्पीअर यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवली. तिथेच काम करणाऱ्या दीपक शुक्ला यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले, की विशिष्ट जागी सल्फेट बसलेले हेपरानसुद्धा जीडीला दार उघडून देऊ शकते. जीडीने पकड घेतली की त्याचा आकार बदलतो, तो बदल जीएच-जीएल या जोडीपर्यंत पोचतो, आणि शेवटी जीबी विषाणूचे आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव करते. यातले नेक्टिन शेजारच्या दोन पेशींना एकमेकींशी बांधून ठेवण्यासाठी असते. त्वचेत ते आहे, चेतापेशींतही आहे. ओठावरचा फोड आणि मेंदूचा दाह ही दोन टोके एकाच विषाणूला कशी साधतात, याचा पहिला धागा इथे सापडतो.

एपस्टाइन-बार विषाणूची निवड वेगळी. त्याचे जीपी ३५० हे प्रथिन बी लसीकापेशींवरच्या सीडी२१ या ग्राहीला धरते. सीडी२१ हा रोगप्रतिकारशक्तीचाच एक भाग आहे. पूरक प्रथिनांनी खूण केलेला परका पदार्थ ओळखणे हे त्याचे नेहमीचे काम. म्हणजे पहारेकऱ्याच्या हातातली मूठच विषाणूने कडी म्हणून वापरली. सायटोमेगॅलो तर दोन किल्ल्या बाळगतो: तंतुपेशींसाठी एक प्रथिनगट, अस्तरपेशींसाठी दुसरा. पहिला गट पीडीजीएफआर-अल्फा या ग्राहीशी जुळतो, दुसरा न्युरोपिलिन-२ शी. एका दारावर विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे दुसऱ्या दारावर कुचकामी ठरू शकतात. सायटोमेगॅलोची लस इतकी वर्षे हाती का लागली नाही, याचे एक कारण हेच.

दारातून आत आल्यावर खरा प्रश्न अंतराचा असतो. ओठाच्या त्वचेतल्या चेतातंतूच्या टोकापासून त्या चेतापेशीच्या केंद्रकापर्यंतचे अंतर काही सेंटिमीटरचे, आणि विषाणूचे कवच मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या जेमतेम सव्वा पट. तरंगत तरंगत ते तिथे पोचणे शक्य नाही. पेशीत सूक्ष्मनलिकांचे मार्ग असतात आणि त्यांवरून डायनीन व कायनेसिन ही प्रथिने सामान वाहून नेतात. डायनीन केंद्रकाच्या दिशेने, कायनेसिन बहुधा बाहेरच्या दिशेने. हर्पीसचे कवच डायनीनला धरून आत जाते, एवढे पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होते. २०२१ साली कॅटलिन पेग, ग्रेगरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नेचर या नियतकालिकात याहून चकित करणारी गोष्ट मांडली. विषाणू आधी ज्या त्वचापेशीत वाढतो, तिथून निघताना तो कायनेसिन आपल्या कणात भरून घेतो. पुढे चेतापेशीत डायनीन त्याला केंद्रकाच्या परिसरापर्यंत आणून सोडते; तिथून केंद्रकापर्यंतचा शेवटचा टप्पा तो बरोबर आणलेल्या कायनेसिनच्या बळावर पार करतो. एका पेशीचे प्रथिन उचलायचे आणि ते दुसऱ्या पेशीत वापरायचे. या टप्प्यावर विषाणूचा कण कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे सांगता येणे कठीण.

केंद्रकात डीएनए पोचला तरी तो वाचला जाईलच असे नाही. परका डीएनए दिसताच पेशी त्याभोवती हिस्टोन प्रथिने गुंडाळते आणि पीएमएल नावाच्या प्रथिनाच्या ठिपक्यांत त्याला कोंडू पाहते. विषाणू यावर दोन उपाय योजतो. पहिला व्हीपी१६ चा. हे प्रथिन विषाणू कणाबरोबरच घेऊन येतो. पण एकटे ते काहीच करू शकत नाही. एचसीएफ-१ आणि ऑक्ट-१ या दोन मानवी प्रथिनांशी त्याचे त्रिकूट जमावे लागते. ते जमले की विषाणूची पहिली जनुके वाचली जाऊ लागतात. चेतापेशींत एचसीएफ-१ एरवी केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात असते, आणि ताण आला की केंद्रकात जाते, असे टॉमस क्रिस्टी यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. तापात, उन्हाच्या तडाख्यानंतर किंवा जागरणानंतर ओठाच्या कडेला फोड का उठतात, याचे स्पष्टीकरण शोधणाऱ्यांच्या दृष्टीने हे निरीक्षण फार मोलाचे ठरले. ते पूर्ण स्पष्टीकरण नव्हे, पण रोख बरोबर जागी आहे: ताण विषाणूला येत नाही, पेशीला येतो, विषाणू पेशीच्या त्या प्रतिसादावर कान ठेवून असतो.

दुसरा उपाय आयसीपी० या प्रथिनाचा. पेशीतल्या नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवली की त्यांची विल्हेवाट लावली जाते. आयसीपी० हीच चिठ्ठी पीएमएलवर आणि त्याच्या साथीदारांवर लावते, आणि विषाणूला कोंडणारे ठिपके विरघळून जातात. पण आयसीपी० स्वतःलाही ती चिठ्ठी लावून घेते, म्हणजे त्याचे आयुष्यही थोडकेच ठरायला हवे. ग्लासगोचे रॉजर एव्हरेट आणि सहकारी आयसीपी०चा अभ्यास करत असताना १९९७ मध्ये त्यांच्या हाती एक अज्ञात मानवी प्रथिन लागले. ते आयसीपी०ला घट्ट चिकटत होते आणि चिठ्ठ्या काढून टाकण्याचे काम करत होते. त्याचे नामकरणही हर्पीसवरूनच झाले. आज ते यूएसपी७ म्हणून ओळखले जाते. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, हेच प्रथिन पी५३ या कर्करोगरोधक प्रथिनाचे आयुष्य ठरवते असे उघड झाले, आणि पुढे एपस्टाइन-बार विषाणूचे ईबीएनए१ सुद्धा त्याच यूएसपी७ला धरते हे कळले. कुळाच्या दोन दूरच्या शाखांनी स्वतंत्रपणे एकाच मानवी प्रथिनावर बोट ठेवावे, यात त्या प्रथिनाच्या महत्त्वाची साक्ष आहे. कर्करोगाचे संशोधक ज्या प्रथिनावर आज औषधे शोधत आहेत, ते त्यांना एका विषाणूने दाखवून दिले.

असेच रोगप्रतिकारशक्तीबाबतही घडले. पेशीत काय चालले आहे याचे नमुने, म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे, एमएचसी वर्ग १ या प्रथिनांवर ठेवून पेशी पृष्ठभागावर मांडते. टी पेशी ते तपासतात. तुकडे आत नेण्याचे काम टॅप नावाचा वाहक करतो. सिम्प्लेक्सचे आयसीपी४७ हे इवलेसे प्रथिन टॅपमध्ये बोळा घातल्यासारखे बसते. सायटोमेगॅलोची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिने नुकत्याच तयार झालेल्या एमएचसीला पेशीद्रवात परत ओढून तिचा नाश करवतात. हिद्दे प्लॉ यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये हे उलगडले, तेव्हा बिघडलेली प्रथिने बाहेर काढण्याची पेशीची एक सर्वसाधारण यंत्रणाच हाती लागली. पेशी ती रोज वापरते. विषाणूने फक्त तिच्या तोंडी भलतेच प्रथिन दिले.

या विषयातले एक काम महाराष्ट्रात झाले आहे आणि त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे अरविंद साहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापोसी सार्कोमाच्या विषाणूतल्या ओआरएफ४ या जनुकाचे प्रथिन तयार करून तपासले. २००३ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला कापोसिका असे नाव दिले. त्याच सुमारास ब्रिटनमधील एका गटानेही त्याच प्रथिनाचे काम मांडले. रक्तात पूरक प्रथिनांची एक साखळी असते. तिचा कणा म्हणजे सी३. तो फुटून सी३बी तयार होते आणि समोर सापडेल त्या पृष्ठभागाला चिकटते, मग तो जंतू असो वा आपलीच पेशी. आपल्या पेशी वाचतात त्या काही नियंत्रक प्रथिनांमुळे: एच घटक, सीडी४६, सीडी५५ आणि तशीच आणखी काही. ही सगळी सुमारे साठ अमिनो आम्लांच्या एकसारख्या खंडांची माळ असतात. कापोसिका म्हणजे याच माळेची चार मण्यांची नक्कल.

नक्कल म्हटले की वरवरचे साम्य डोळ्यांसमोर येते. कापोसिकाचे साम्य कामातले आहे. सी३बी निकामी करण्यासाठी रक्तात आय घटक नावाचा एक विकर असतो. पण एकटा आय घटक सी३बीला कापू शकत नाही. दुसऱ्या एखाद्या नियंत्रकाने ती धरून द्यावी लागते. कापोसिका नेमके हेच करते. ती सी३बी आणि सी४बी धरते, मानवी आय घटक येऊन त्यांना कापतो, आणि विषाणू किंवा त्याने ग्रासलेली पेशी सहीसलामत सुटते. शिवाय साखळी पुढे चालवणारी सी३ विभाजक जोडी मोडण्याचे कामही ती करते. पुण्याच्या गटाने पुढे या प्रथिनाच्या एकेका अमिनो आम्लात बदल करून पाहिले, तसेच माकडांमधल्या हर्पीसव्हायरस सायमिरीच्या अशाच प्रथिनावर काम केले. २०१५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दाखवले, की धरणाऱ्या प्रथिनाने लक्ष्याचे एमजी२ आणि सीयूबी हे दोन भाग एकत्र सांधले तरच आय घटकाला कापता येते. हा नियम विषाणूच्या प्रथिनावरून मिळाला आणि माणसाच्या स्वतःच्या नियंत्रकांच्या कामावरही त्याने प्रकाश टाकला.

भारतात कापोसी सार्कोमा दुर्मीळ आहे. मग पुण्यात त्यावर पैसा आणि वर्षे खर्च करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कुणी विचारील, आणि तो गैरवाजवी नाही. त्याचे उत्तर असे, की पूरक प्रथिनांचा तोल बिघडल्याने मूत्रपिंडाचे, डोळ्याच्या पडद्याचे आणि रक्ताचे जे विकार होतात, ते भारतातही होतात. हा तोल कसा सांभाळला जातो हे समजून घ्यायला विषाणूचे चार खंडांचे प्रथिन माणसाच्या वीस खंडांच्या एच घटकापेक्षा सोयीचे. ज्याची उपयुक्तता रोगाच्या आकडेवारीवर मोजली जाते, असे संशोधन हर्पीसच्या क्षेत्रात फार दूर गेले नसते.

सर्वांत विलक्षण भाग सुप्तावस्थेचा. एचआयव्हीसारखा विषाणू आपला डीएनए माणसाच्या डीएनएत कायमचा गोवतो. जणू सातबाऱ्यावर नावच चढवतो. हर्पीस विषाणू बहुधा तसे करत नाही. त्याचा डीएनए केंद्रकात वेगळा, वर्तुळाकार राहतो: नाव कुणाचेही असो, कसणारे कूळ हेच. मात्र विभागणाऱ्या पेशीत असे राहायचे तर दर विभाजनात आपला वाटा नव्या पेशीत जाईल याची तजवीज करावी लागते. कापोसी सार्कोमाच्या विषाणूचे लाना हे प्रथिन एका टोकाने विषाणूचा डीएनए धरते आणि दुसऱ्या टोकाने मानवी गुणसूत्रांवरच्या एच२ए-एच२बी हिस्टोनांना. २००६ मध्ये ही पकड अणूपातळीवर दिसली. एपस्टाइन-बारमध्ये हेच काम ईबीएनए१ करते. त्याच विषाणूचे एलएमपी१ हे प्रथिन सीडी४० या ग्राहीचे सोंग घेते आणि कुणी हाक न मारताही बी पेशीला वाढण्याचा आदेश देत राहते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील अभ्यासांत हॉजकिन लिम्फोमाच्या बहुतांश गाठींमध्ये एपस्टाइन-बार आढळला. त्याच विषाणूसह जगणारे बाकीचे कोट्यवधी लोक धडधाकट असतात, हेही तितकेच खरे.

चेतापेशी विभागत नाहीत, म्हणून व्हॅरिसेला-झोस्टरला एवढा खटाटोप पडत नाही. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो पाठीच्या कण्यालगतच्या चेतागाठींत दशकानुदशके पडून राहतो. वय वाढले, मधुमेहाने किंवा औषधांनी टी पेशी क्षीण झाल्या, की एखाद्या गाठीतून तो त्याच चेतातंतूच्या वाटेने त्वचेवर परततो. हीच नागीण. नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेला पेंचच्या काठी पारशिवनी तालुका आहे. तिथे, तसेच उभ्या महाराष्ट्रात, नागिणीच्या तोंडाला शेपूट भिडली की माणूस दगावतो असा समज आहे. फोडांची रांग कमरेच्या एका बाजूने पुढे सरकताना दिसते, तेव्हा घरातली मोठी माणसे ती कुठवर आली हे रोज पाहतात. लेप लावणारे आणि मंत्र घालणारे याच भीतीवर चालतात. या समजाला उत्तर शरीररचनेतच आहे. प्रत्येक चेतागाठ शरीराच्या एकाच बाजूच्या पट्ट्याला तंतू पुरवते आणि हा पट्टा मध्यरेषेपाशी थांबतो. विषाणू एका गाठीतून उठला तर दुसऱ्या बाजूला त्याची वाटच नाही. वेढा पूर्ण होण्याची भीती निराधार आहे. मात्र लोकांच्या निरीक्षणात एक गोष्ट अचूक होती: फोड अंगभर विखुरत नाहीत, ठरलेल्या पट्ट्यातच चालतात. मांत्रिकाचा लेप बहुधा ‘गुणकारी’ ठरतो तो यामुळे, की नागीण दोन ते चार आठवड्यांत आपसूक ओसरते. मागे राहणारी, महिनोन् महिने छळणारी आग मात्र लेपाच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

हर्पीसचा दुसरा चेहरा मेंदूज्वराचा. नागपूर परिसराला मेंदूज्वराचा इतिहास आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि गावाचे नाव जगभर गेले. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीशी त्याचा संबंध जोडला गेला. चांदीपुरा हर्पीस कुळातला नाही आणि त्यावर विशिष्ट औषधही नाही. म्हणूनच हर्पीसचा विचार इथे महत्त्वाचा ठरतो. तालुक्याच्या गावातून ताप, झटके आणि भ्रम घेऊन रुग्ण नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात पोचतो, तेव्हा कारण कोणते हे त्या घटकेला ठाऊक नसते. संभाव्य कारणांपैकी सिम्प्लेक्स हे असे एक, ज्यावर नेमके औषध आहे. उपचाराविना या मेंदूज्वराचे सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. तपासणीचा अहवाल येण्याआधीच अॅसायक्लोव्हिर शिरेतून सुरू करण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली.

अॅसायक्लोव्हिरचे काम म्हणजे विषाणू आणि माणूस यांच्या प्रथिनांच्या भागीदारीचा उत्तम दाखला. गोळीतला किंवा बाटलीतला रेणू स्वतः निरुपयोगी असतो. त्यावर तीन फॉस्फेट चढावे लागतात. पहिला फॉस्फेट विषाणूचा थायमिडीन कायनेज हा विकर चढवतो; माणसाचे विकर ते काम जवळजवळ करतच नाहीत. दुसरा आणि तिसरा मात्र मानवी विकर चढवतात. तिन्ही बसले की तो रेणू विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजला फसवतो आणि तयार होत असलेली साखळी मध्येच खुंटते. ज्या पेशीत विषाणू जागा नाही तिथे औषध निद्रिस्त राहते, म्हणून निरोगी पेशींना त्याची झळ फार कमी लागते. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या या औषधाने विषाणूविरोधी उपचारांची दिशा बदलली. १९८८ चे नोबेल ज्या कामासाठी त्यांना मिळाले त्यात अशाच तर्काने घडवलेली औषधे होती. याच तर्काची दुसरी बाजू अशी, की सुप्त विषाणूवर ते चालत नाही. सुप्तावस्थेत थायमिडीन कायनेज तयार होत नाही, म्हणजे पहिला फॉस्फेट चढवणाराच हजर नसतो.

एवढ्या माणसांत सिम्प्लेक्स आहे, मग मेंदूज्वर इतक्या थोड्यांनाच का? पॅरिसचे जाँ-लॉराँ कासानोव्हा आणि सहकारी यांनी २००६ आणि २००७ मध्ये याचे एक उत्तर दिले. मेंदूज्वर झालेल्या काही मुलांमध्ये यूएनसी९३बी किंवा टीएलआर३ या मानवी प्रथिनांची जनुके जन्मतः सदोष होती. विषाणूचा दुहेरी आरएनए ओळखून मेंदूच्या पेशींना इंटरफेरॉन सोडायला लावणारी ही यंत्रणा. तिच्यात खोट असलेली मुले इतर जंतूंना चांगली तोंड देत होती. विषाणू तोच, फरक पडला तो एका मानवी प्रथिनाने.

अशा एकेका जोडीच्या पलीकडे जाऊन सगळे जाळे मांडण्याचे प्रयत्न २००६ पासून झाले. २००७ मध्ये मायकेल काल्डरवुड आणि सहकाऱ्यांनी एपस्टाइन-बार व मानवी प्रथिनांमधले १७३ दुवे प्रसिद्ध केले. त्यात एक आकृतिबंध दिसला: विषाणू ज्यांना धरतो ती मानवी प्रथिने सर्वसाधारण प्रथिनांपेक्षा अधिक इतर प्रथिनांशी जोडलेली असतात. थोड्या हातांनी पुष्कळ काही हलवायचे असेल तर अशी मोक्याची प्रथिनेच धरावी लागणार. यातून उपचारांपुढचा पेचही कळतो. मानवी प्रथिनाला लक्ष्य करणारे औषध विषाणूला सहजी चकवता येणार नाही, कारण ते प्रथिन बदलणे त्याच्या हाती नाही. पण ज्या प्रथिनावर पेशीची दहा कामे अवलंबून, ते अडवले तर रुग्णालाच इजा. हर्पीसवर आज सर्रास वापरली जाणारी औषधे विषाणूच्या विकरांवरच चालतात, त्यामागे हेच कारण आहे.

या ज्ञानाचा उलटा उपयोगही झाला. संसर्ग कळताच पेशी पीकेआर या विकराकरवी प्रथिननिर्मिती थांबवते. सिम्प्लेक्सचे आयसीपी३४.५ हे प्रथिन माणसाच्याच पीपी१ विकराला बोलावून ती पुन्हा सुरू करवते. हे जनुक काढून टाकले तर विषाणू निरोगी पेशीत लुळा पडतो, पण अनेक कर्कपेशींत, जिथे हा अटकाव आधीच ढिला असतो, तो वाढू शकतो. आयसीपी३४.५ आणि आयसीपी४७ काढलेला, वर एक मानवी जनुक जोडलेला असा विषाणू मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील उपचार म्हणून अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाला. विषाणूचे दोन दुवे कापले आणि रोगाचे औषध झाले.

लढाईच्या भाषेची बाजू घेणारे म्हणतील, की रुग्णाला समजायला ती सोपी. पण सोपेपणाची किंमत रुग्णच मोजतो. शत्रू एकदा हरला की संपला, असे मानणारा दुसऱ्यांदा फोड उठले की औषध खोटे ठरवतो किंवा कुणाची नजर, कुणाचे कर्म शोधू लागतो. विषाणू आयुष्यभर शरीरात राहणार, बहुतेक काळ गप्प राहणार, आणि तो जागा होतो त्या थोड्या दिवसांतच औषध चालणार, हे सांगणेही काही अवघड नाही. पारशिवनीच्या शेतमजुराला धानाच्या रोवणीत नागीण झाली, तर त्याला प्रथिनांची नावे ठाऊक असण्याची गरज नाही. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ग्रामीण रुग्णालय गाठावे, आणि फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. लेपात तीन दिवस घालवले तर औषधाची वेळ निघून जाते.